पहिल्या दोन ओळी

बाईंनी हातातल्या कागदावरचा मेल फळ्यावर उतरवून काढला आणि खडूचे हात झटकले.

"एका बाईने हॉस्पिटलला पाठवलाय. कामाचं उत्तर काही आलेलं नाही. का आलं नसेल, शोधा."

आठवीचा वर्ग एका पायावर तयार. दुसऱ्याच्या चुका काढायला कोणाला नको असतं!

मेल तसा देखणा होता. असणारच. वीस वर्षं पत्रलेखन शिकवणाऱ्या बाईंनीच तो लिहिला होता. त्यांच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन तीनदा पुढे ढकललं गेलं होतं. आता तो चार पायऱ्या चढला की जिन्यातच बसून राहायचा. फोन कोणी उचलत नव्हतं, पाच मेल झाले होते, आणि बाईंची अक्कल चालेनाशी झाली होती. मेल बाईंचाच आहे, हे वर्गाला ठाऊक नव्हतं.

"बाई, 'आपल्या व्यस्त दिनक्रमातून' कशाला? मुद्दा थेट सातव्या ओळीत आहे!"

"आणि तीनदा क्षमस्व! हिने काय चोरी केलीय?"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. सतत वाद घालते म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणत.

"माझी आई हॉस्पिटलात मेलच उघडते. रोजचे दोनशे. पहिल्या दोन ओळींत काम दिसलं नाही, की 'आपला मेल मिळाला' असं पाठवते आणि पुढे. ती तरी काय करणार?"

"कुठल्या हॉस्पिटलात?" बाईंचा आवाज चिरका निघाला.

"पुलापलीकडच्या. मोठ्या."

तेच ते. बाईंनी खडू तिच्या हातात दिला.

वकीलबाईने सगळं पुसलं आणि लिहिलं : 'माझ्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन तुम्ही तीनदा पुढे ढकललं. त्यांना आता चार पायऱ्याही चढवत नाहीत. नवी तारीख आजच कळवा.'

बाईंनी असं पत्र कोणाला कधी लिहू दिलं नसतं. उद्धट म्हणून मार्क कापले असते. त्यांना फळा नीट दिसेना.

मुलीने वहीचं पान फाडून ती तीन वाक्यं उतरवली.

"आज आईच्या हातात देते. मेल पाठवणाऱ्या बाईंचं नाव काय?"

वशिला या शब्दाचीच बाईंना चीड होती. ओळखी काढून कामं करून घेणाऱ्यांना त्यांनी जन्मभर नावं ठेवली होती. त्यांनी दाराकडे पाहिलं. तास संपायला अजून पाच मिनिटं होती.

"बाई, नाव?"

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली आणि स्वतःचं नाव सांगितलं.

मघाशी हसलेली पोरं खाली बघायला लागली. वकीलबाईने मान वर केलीच नाही. तिने नाव सावकाश, पूर्ण लिहिलं.

"फोन नंबर पण सांगा, बाई."