पंधरा वर्षांची माती

मी एक जुनं गिरमिट आहे. लाकडाला भोकं पाडणारं नव्हे, जमिनीतली माती काढणारं. मित्रांनो, आज माझं पातं बोथट झालं आहे; पण एके काळी मी हातभर खोल शिरून मूठभर माती वर आणत असे.

एका लोहाराने मला भूगोलाच्या प्राध्यापकांसाठी घडवलं. सर छोट्या शेतांचा अभ्यास करत. एवढ्याशा जमिनीवर माणसाचं पोटही भरावं आणि जमीनही टिकावी, हा त्यांचा ध्यास. वर्गात ते मला उंच धरून म्हणायचे, "हे माझं खरं पेन!" माझ्या लोखंडी अंगावर मूठभर मांस चढायचं.

दर वर्षी पीक उभं असताना आम्ही एका काकूंच्या शेतावर जायचो. इवलासा तुकडा, पण त्यात मका, मक्यावर चढलेला घेवडा आणि खाली भोपळ्याचे वेल अशी दाटीवाटी. काकू एकट्या राबायच्या. मला धुऊन सरांच्या हाती देताना विचारायच्या, "काय म्हणते माझी माती?"

"अहवाल होऊ द्या, काकू. मग सगळं सांगतो."

"नक्की हं! नुसती माती नेता, परत काही आणत नाही," त्या हसून म्हणायच्या.

नवव्या वर्षी शेजारून कालवा गेला आणि त्याचं पाणी शेतात झिरपू लागलं. बाराव्या वर्षी मी काढलेल्या मातीत क्षार वाढलेले सापडले. 'कडेने खोल चर खणला तर शेत वाचेल,' असं सरांनी स्वतः वहीत लिहिलं आणि वही मिटली. काकूंना मात्र ते काही बोलले नाहीत. आधी पुस्तक छापून यायचं होतं.

पंधराव्या वर्षी सर पुस्तक घेऊन गेले, तेव्हा शेत मीठ फासल्यासारखं पांढरं पडलं होतं. पेरलेलं उगवलंच नव्हतं. सरांनी कचरत काकूंच्या शेताचं पान उघडून दिलं. काकूंनी आलेखावर बोट ठेवलं.

"ही रेघ इथून वर का चढली?"

"क्षार वाढले, काकू. तीन वर्षांपूर्वी."

"आणि हे चित्र?"

"चराचं. तो उपाय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"आकडे पक्के व्हायचे होते..."

"चार दिवसांत खणला असता हो मी चर," काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही. त्यांनी पुस्तक मिटून परत दिलं. आता त्या दुसऱ्याच्या शेडमध्ये भाज्या धुतात.

त्या पुस्तकाला मोठा पुरस्कार मिळाला. मला काचेच्या कपाटात ठेवलं. सर समोरून जातात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

मित्रांनो, माझा गंज पुसा, मला तेल लावा, असं मी म्हणणार नाही. गंजू दे मला. पण कुणाच्या शेतात, कुणाच्या घरात जाऊन तुम्हाला काही कळलं, तर ते आधी त्याच माणसाला सांगा. पुस्तक वर्षभर उशिरा निघालं म्हणून नासत नाही. शेत नासतं.