जायफळाचे वेढे

मी सहाण आहे. गंध उगाळायची नव्हे, बाळगुटीची. देवघरातल्या सहाणेच्या वाट्याला फुलं येतात, माझ्या वाट्याला दूध आणि वेखंडाचा वास. त्याबद्दल तक्रार नाही. पण एक गोष्ट माझ्या पोटात फार वर्षं राहिली आहे, ती आज सांगते.

मला धारच्या एका पाथरवटानं घडवलं. माझी मालकीण अक्का, तिच्या आईनं मला घरी आणलं, आणि अक्काची सगळी भावंडं माझ्यावर उगाळलेल्या गुटीवर वाढली. अक्का लग्न होऊन निघाली तेव्हा तिच्या ट्रंकेतून मीही सासरी आले. तिचा सुभाष माझ्याच गुटीवर बाळसं धरून मोठा झाला. गुटीच्या बाबतीत अक्का भारी कडक. हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, प्रत्येकाचे माझ्यावर उगाळायचे वेढे ठरलेले, आणि जायफळाचा एकच. "जायफळानं झोप येते, म्हणून हात राखून बरं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला ऐकवायची.

सुभाषला देवासच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही धार सोडलं. १९७८ साल असेल. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच क्वार्टर. सून सुमंगला इंदूरची, हिंदी शाळेत शिकलेली, बोलायला मोकळी. तिला मुलगी झाली. बारशाला नाव नलिनी ठेवलं, पण सगळे तिला बेबीच म्हणत.

पोरीची झोप फार सावध. न्हाऊ-माखू घालून, धुरी देऊन, गुटी चाटवून झोळीत घातली, की वरण शिजेपर्यंत झोपायची. कुकरची शिट्टी झाली की डोळे टक्क उघडे. सुमंगलानं खिडकीला चादर लावली, भांडी मागच्या ओट्यावर नेऊन घासली, झोके देऊन देऊन तिचा खांदा भरून आला. बेबीनं कशाला दाद दिली नाही.

एरवी कुणी मनावर घेतलं नसतं. लहान मूल म्हटलं की हे आलंच. पण सुभाषला रातपाळी लागली होती. बाप आणि लेक, दोघांनी दिवसा एकाच खोलीत झोपायचं. ती रडली की तो उठून बसे, भिंतीला टेकून डुलक्या घेई आणि संध्याकाळी तसाच कामावर जाई. अशात त्याच्या शेजारच्या मशीनवर मानाजीची बोटं गेली. घरी येऊन सुभाष म्हणाला, "अक्का, काल माझाही डोळा लागला होता. दिवसा थोडा आराम मिळाला पाहिजे, नाहीतर एक दिन माझाही हात जाईल."



दुसऱ्या दिवशी अक्कानं जायफळ उचललं आणि एकाचे तीन वेढे दिले. सुनेकडे पाठ करून. दुपारी अक्का नळावर गेली. सुमंगलानं मला खाली काढलं, दाराकडे एकदा पाहिलं आणि तिनंही जायफळ उगाळलं. थोडंसंच, बोटावर घेण्यापुरतं.

बेबी झोपली. सुभाषही झोपला. घराला बरे दिवस आले. पोर रडतच नाही याचं शेजारणीला नवल; ती म्हणाली, "बाई, थारी छोरी तो घणी सीधी है, रोवे ही नी." दोघी हसल्या. प्रत्येकीला वाटलं, ही आपली करामत. म्हणून दोघींचाही हात रोज थोडा थोडा सैल होत गेला. ते मला कळत होतं. मी दगड, काय करणार?

त्या दिवशी सुभाष उन्हं उतरेपर्यंत झोपला. आळोखेपिळोखे देत उठला आणि म्हणाला, "आज काय मस्त झोप झाली." सुमंगलानं चहा टाकला आणि मग झोळीत हात घातला.

"अक्का, जरा बघा ना. बेबी एकदम ढिली पडलीये."

तिघंही तिला घेऊन दवाखान्यात धावले. रात्री परत आले तेव्हा हात रिकामे होते. झोळी खुंटीवरून कुणी काढली नाही, कितीतरी दिवस.

त्यानंतर त्या घरात सासू-सुनेचं कधी वाजलं नाही. अक्का सुनेच्या केसांना तेल लावायची, सुमंगला सासूला गरम गरम पोळी वाढायची. शेजारपाजारचे कौतुक करत. आपल्याच हातून बेबी गेली, असं दोघींना वाटायचं, आणि दुसरीला काही माहीत नाही असंही. मला दोघींचंही माहीत होतं. पुढे एक मुलगा झाला, त्याला गुटी दिली नाही. मी फळीवर मागे गेले.

सात-आठ वर्षांनी अक्का अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिनं सुमंगलाचा हात धरला. "पोरी, बेबीला मी जायफळ जास्त दिलं होतं. माझ्या हातून गेली ती. तुझ्यासमोर तोंड उघडायचा धीर झाला नाही."

सुमंगला तिच्याकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगेल. म्हातारीचं अर्धं ओझं उतरेल आणि हिचंही. तिनं अक्काच्या अंगावरची चादर नीट केली.

"मी तुम्हाला माफ केलं, अक्का," ती म्हणाली.

अक्का रडत रडत झोपी गेली. दोन दिवसांनी वारली.

आता मी मोरीच्या कडेला पालथी पडून आहे. तुमच्या घरी एखादं तान्हं दिवसा झोपत नसेल, तर नका झोपवू. त्याला उचलून अंगणात न्या, रडू द्या. सुमंगला माझ्याजवळ बसून भांडी घासते, पण माझ्याकडे कधी बघत नाही.