अकरा पावलं

शहरातल्या पाण्याच्या चाव्या, म्हणजे रस्त्याखालचे व्हॉल्व्ह, उघडबंद करण्यात चावीवाल्या काकांची चाळीस वर्षं गेली होती, आणि आज त्यांना आपलीच एक चावी सापडेना. नव्या रस्त्याखाली मोठा नळ फुटला होता. ती जुनी चावी बंद झाल्याशिवाय दुरुस्ती होणार नव्हती, आणि तोवर जुन्या वस्तीत आणि नव्या टॉवरांत सारखाच ठणठणाट.

काकांच्या खुणा सगळ्या डोक्यात. ही चावी बेकरीच्या मागच्या दारापासून सरळ रस्त्याकडे अकरा पावलांवर. पण बेकरी पाडूनच तीन वर्षं झाली होती. काकांनी दोनदा अंदाजाने जागा दाखवली, दोन्ही वेळा नुसती माती निघाली. मुकादम म्हणाला, काकांना आता घरी बसवा.

चार महिन्यांपूर्वी परगावाहून आलेल्या इंजिनीअर मुलीच्या नकाशात ही चावी नव्हतीच. तिने विचारलं, बेकरीजवळ काय होतं? गल्लीच्या दुतर्फा झाडं होती, काका म्हणाले, आणि शेवटच्या झाडाला लागूनच ते दार. ती त्यांना समोरच्या टॉवरच्या लिफ्टकडे घेऊन गेली.

सव्विसाव्या मजल्यावर काकांचे कान गच्च झाले. खिडकीशी आले आणि काचेला हात टेकून बघतच राहिले. जन्मभर ते खाली वाकून झाकणंच बघत आले होते. गावाबाहेरची म्हणून ज्या टाकीवर ते सायकलने जात, ती आता घरांच्या ऐन मध्यात, काडेपेटीएवढी दिसत होती. तिच्यापलीकडे छपरंच छपरं, थेट आभाळाला टेकलेली.

"एवढ्या सगळ्यांना आपण पाणी पाजतो?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही पाजता, काका."

मग त्यांना झाडं दिसली. एक पार्किंगमध्ये, दोन दुभाजकात, एक कुंपणाआड. खालून ती विखुरलेली वाटत, वरून मात्र गल्लीचं जुनं वळण जसंच्या तसं उमटलं होतं, आणि त्याच्या टोकाला बेकरीचं ते शेवटचं झाड.

खाली येऊन काका शेवटच्या झाडाला पाठ लावून उभे राहिले आणि निघाले.

"काका, पावलं तेव्हाची की आत्ताची?"

काका थबकले, मग खुदकन हसले. "आता कसली माझी ढांग! तूच चाल, पोरी."

ती ढांगा टाकत अकरा मोजून थांबली. तिथे खणल्यावर हातभर खाली पहार खणकन वाजली. काकांनी चावी फिरवली आणि रस्त्यावर उसळणारं पाणी हळूहळू ओसरलं.

तिने नकाशात खूण केली आणि विचारलं, आणखी कुठल्या चाव्या राहिल्यात?

"पुष्कळ आहेत," काका वर बघत म्हणाले. "पण त्या इथून नाही सांगता यायच्या. परत वर जाऊ या."