कठडा असता तर

मित्रांनो, निलगिरीच्या तांबड्या लाकडाचा मी जुना कठडा. ऑस्ट्रेलियातल्या नदीकाठच्या एका लहान गावात हिरवळीवर गोळे घरंगळवण्याचा खेळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचा क्लब आहे. त्याच्या मागल्या पायऱ्या मी जन्मभर सांभाळल्या. तळव्यांनी घासून घासून मी गुळगुळीत झालो. क्लबातली जुनी सभासद थेल्मा पास्को म्हणायची, "हा आहे म्हणून माझे गुडघे शाबूत आहेत हो!" मी लाकूड असूनही फुलून जायचो.

पुढे माझा स्क्रू सैल झाला. सेक्रेटरी क्लाइव्हने मला उतरवून अडगळीच्या खोलीत टेकवलं. "पुढच्या आठवड्यात लावतो," म्हणाला. तो आठवडा काही उजाडला नाही. एका दुपारी चहा-केकचा ट्रे नेताना थेल्मा पायऱ्यांवरून कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. लगेच माझ्या जागी चकचकीत स्टीलचा कठडा आला! त्याच्यावरून फिरणारा एकेक हात मी खिडकीतून पाहायचो आणि जळायचो. ना त्याला ऊब, ना कुणाची ओळख.

थेल्माने क्लबवर दावा लावला. पुरावा म्हणून मलाही कोर्टात नेलं. क्लबचा हलगर्जीपणा उघडच होता. पण बदललेल्या कायद्याप्रमाणे न्यायाधीशबाईंना आधी एक गोष्ट ठरवायची होती: कठडा असता, तर ही पडली नसती का?

नसती! मी मनात ओरडलो. कोर्टाने हे एकदा म्हणावं आणि त्या स्टीलच्या तोऱ्याचं पाणी व्हावं!

"मी धरला असता," असं थेल्माने आता सांगून उपयोग नव्हता. घडून गेल्यावर केलेलं असं सोयीचं विधान नवा कायदा ग्राह्य धरत नाही. स्वतःच्या विरुद्ध जाणारं मात्र धरतो.

क्लबच्या वकिलाने विचारलं, "मिसेस पास्को, ट्रे नेताना तुम्ही कठडा कसा धरायचात?"

"आई, जपून!" मागून तिची मुलगी कुजबुजली.

"कसा धरणार, बाबा? दोन्ही हात ट्रेला. केक सांडले असते ना!"

म्हणजे कठडा असता तरी ती पडलीच असती; दावा तिथेच कोसळला. मला थेल्माची कणव यायला हवी होती. मी मात्र त्या मेल्या ट्रेवर जळत राहिलो.

निकालानंतर ती काठी टेकत माझ्यापाशी आली. तळवा ठेवून म्हणाली, "तू नव्हतास म्हणून नाही रे पडले. पण तू असायला हवा होतास."

मित्रांनो, तुमच्याकडचा कठडा हलत असेल तर आजच आवळा. आणि उतरताना एक हात आमच्यासाठी मोकळा ठेवा.