प्रल्हादकाकांनी माइक सोडला

नागपुरात प्रल्हाद खानझोडे वर्षानुवर्षं हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी होते. लोक विरंगुळ्याला शब्दकोडी सोडवतात, काका नियमावली वाचायचे. अमेरिकेत मुलीकडे अल्फारेटाला राहायला आल्यावर वाचण्यासारखी नियमावली उरली नाही, म्हणून ते शेजारच्या गावात वर्लीन टेटबाईंच्या संस्थेत मुलांना गणित शिकवू लागले.

संस्था म्हणजे दोन खोल्यांची जुनी लाकडी शाळा. गोऱ्यांच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता, तेव्हा त्यांच्या आईबापांनी ती स्वतःच्या हातांनी उभारलेली. आता एका खोलीत जुने बाक आणि फोटो जपलेले, दुसरीत शाळा सुटल्यानंतरचे वर्ग. ऐंशी ओलांडलेल्या वर्लीनबाई याच बाकांवर शिकल्या होत्या. बोलणं सावकाश, पण आवाजातली छडी शाबूत.

गावच्या कौन्सिलला ती शाळा पाडून तिथे पार्किंग हवं होतं. पहिल्या सुनावणीत प्रत्येक वक्त्याला दोन मिनिटं मिळाली. बाई पहिल्या शिक्षिकेच्या नावापर्यंत पोचल्या आणि माइक बंद झाला. पार्किंगचं गुणगान मात्र रंगीत स्लाइड्ससकट पाऊण तास चाललं.

काकांनी घरी जाऊन कौन्सिलची नियमावली मिळवली आणि चवीचवीनं वाचली. मग बाईंना भेटून बेत सांगितला.

"मिस्टर के, तुमची माणसं गप्प बसतील?" बाईंनी विचारलं.

"सराव नाही," काका म्हणाले.

त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्ष रेणूला फोन लावला. "मंगळवारी तीसेक माणसं पाहिजेत."

"जेवण आहे का, काका?"

"नाही. माइकवर बोलायचंय."

"मग पन्नास येतील."

"पूर्ण ऐक. 'माझा वेळ मिसेस टेट यांना' एवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं. आपली दोन मिनिटं दुसऱ्याला देता येतात, बाहेरगावच्यांनाही; तसा नियम आहे."

"आपली माणसं, काका? गणपतीत आभारप्रदर्शन आरतीपेक्षा लांबलं होतं."

"आभार तूच मानत होतीस."

"म्हणूनच अनुभवानं सांगतेय."

मंगळवारी दुसऱ्या सुनावणीत बाईंच्या चर्चची मंडळी पुढे, मंडळाची मागे. एकेकानं आपला वेळ दिला. मंडळाचा सत्यजित तेवढा "अ‍ॅक्चुअली, मी दोन ओळी..." म्हणाला, तशी अख्खी रांग खोकली. त्यानं वेळ दिला.

शेवटी काका. कोटाच्या खिशात शिक्षणाच्या महत्त्वावरचं त्यांचं स्वतःचं भाषण होतं, घडी घालून, असू द्यावं म्हणून. अमेरिकेत आल्यापासून त्यांचं बोलणं पूर्ण ऐकलं होतं ते फक्त जावयाच्या कुत्र्यानं. समोर भरलेला हॉल, पुढ्यात चालू माइक. काकांनी घसा साफ केला. रेणूनं डोळे मिटून घेतले.

"माझाही," काका म्हणाले, आणि बसले.

कौन्सिलच्या अध्यक्षांनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकिलानं नाइलाजानं मान डोलावली.

वर्लीनबाई उठल्या आणि जिथे तोडलं होतं तिथूनच, पहिल्या शिक्षिकेच्या नावापासून, सुरू झाल्या. मग बाकामागून बाक: कोण बसायचं, कोण कुठून चालत यायचं, कोण पुढे काय झालं. कौन्सिलच्या एका सभासद बाईंनी फोन उपडा ठेवला.

पुष्कळ वेळानं अध्यक्षांनी अदबीनं विचारलं, "मॅडम, अजून किती?"

"तिसऱ्या बाकावर आलेय," बाई म्हणाल्या. "खोल्या दोन आहेत."

फोन उपडा ठेवणाऱ्या बाईंनी सुचवलं, सगळं ऐकून होईपर्यंत पाडकामाचा विषय बाजूला ठेवावा. एका मताच्या फरकानं ठराव पास झाला.

पार्किंगमध्ये रेणू म्हणाली, "काका, चौथ्या बाकाला किती माणसं लागतील?"

"मोजू नकोस," काका म्हणाले. "सगळ्यांना आण. सत्यजितला माझ्या शेजारी बसव."