आवाज बंद करायचं बटण

दोन राखाडी बटणं. आकार सारखा, मधलं अंतर एक बोट.

फोनवर बाबांच्या मागे कधीच कसला आवाज नसायचा.

पंडरीच्या कापडबाजारातून आणलेली चादर. पलंगावर कुणी झोपणार नाही.

"दीदी, ये वाला ना?" सहभागी क्रमांक चार.

आई म्हणते, चुकून झालं असन.

*

मी देवश्री. आजारी माणसाजवळची यंत्रं साध्या माणसांना वापरता येतात की नाही, हे तपासणं माझं काम. असते पुण्यात. यंदा चाचणीसाठी रायपूर मागून घेतलं, आणि यंत्रही मागून घेतलं: घरी ठेवायची ऑक्सिजनची मशीन. हेच मॉडेल इथेच रायपुरात, तात्यापाऱ्यात आमच्या घरी होतं. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि दीड वर्ष त्याच्या नळीवर राहिले. गेले तेव्हा मशीन बंद होती.

डावं बटण अलार्म गप्प करतं. उजवं मशीनच बंद करतं. आईने अलार्मचं समजून उजवं दाबलं, असं मी दोन वर्षं धरून चालले आहे. अहवालात मला एवढंच लिहायचं होतं की चूक बटणांची आहे, दाबणाऱ्या बाईची नाही. आणि तो तिला वाचून दाखवायचा होता.

चौबे कॉलोनीतल्या भाड्याच्या खोलीत आठ बायका येऊन गेल्या. सहा जणींनी उजवं दाबलं. नववी आलीच नाही. माझा डबा घेऊन आई आली.

"मी बसू का? रिकामीच तं आहे."

नात्यातलं माणूस बसवायचं नसतं. बसवलं.

नियम सांगितले. मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. मी मदत करणार नाही, मध्ये बोलणार नाही.

"काहून? तोंडाले कुलूप लावशील?"

"हो."

"बापावर नाही गेली मंग."

काम १. मशीन सुरू करा.

घरघर. आई पलंगाच्या कडेला बसली, आजाऱ्याचे पाय येतात तिथे, पायांना जागा सोडून.

काम २. अलार्म वाजेल. मशीन चालू ठेवून तो गप्प करा.

दोन सेकंद. डावं. न बघता.

माझं पेन थांबलं.

"त्याले हात नाही लावायचा," तिने उजवं दाखवलं. "त्यानं सारं बंद होते. ते मी फक्त चारले दाबत होती."

चारला? विचारता येत नव्हतं. ती माझ्याशी बोलतच नव्हती. समोरच्या रिकाम्या उशीशी बोलत होती.

"चारले पोट्टीचा फोन. या घरघरीत तुमाले ऐकूच नाही ये. तुमी रोज म्हणा, वनमाला, बंद कर ते, पोट्टी बोलून राहिली तं नीट ऐकू दे. दहा मिनिटं निभते. अन् चारच्या आधीच बंद करायले लावा, घंटी चुकू नये म्हणून. फोन येईपर्यंत सुरू करू द्या नाही. किती भांडली मी."

काम ३. मशीन बंद करा.

तिने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग दाबलं.

घरघर थांबली. पंखा. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ही शांतता मी ओळखली. रोज पुण्यात कानाला लावायचे ती हीच, तिच्या मधोमध बाबा म्हणायचे, "बोल, पोट्टे." मी वाट पाहिली. खरंच पाहिली, कागद हातात धरून.

"झालं का वं? बरोबर दाबलं ना?"

सहभागी नऊ, मी लिहिलं. चुका शून्य.

"असन, चुकूनच झालं असन त्या दिवशी," आई घाईने म्हणाली. "तू तेच लिही. जेवून घे आता, भाजी गार होऊन राहिली."

बाबा गेले त्या मंगळवारी मी पावणेपाचला फोन केला होता.