दोन कप आणि पाच सूत

मी एक जुना मापाचा कप आहे, मित्रांनो. पण नेमका किती आहे, ते मला विचारू नका. कुणी म्हणतं एक, कुणी म्हणतं दोन अर्धे, कुणी म्हणतं चार पाव. कारखान्यातल्या यंत्राने माझ्या पोटावर पाव, अर्धा, पाऊण अशा तीन रेघा ठोकल्या आणि पुढचं काही न सांगता मला खोक्यात कोंबलं.

ज्या घरी आलो, तिथल्या काकूंनी मला कधी गोंधळू दिलं नाही. केक करताना त्यांचा हात बरोबर रेघेवर थांबायचा. कपाशिवाय आपलं पान हलत नाही, असं त्या शेजारणीला सांगायच्या, तेव्हा मी नुसता फुगायचो. मग काकूंनी अंथरूण धरलं, त्यांचं जेवण सुटलं. काका शिंपी. त्यांनी माझ्यात बटणं भरली. मी कप की डबी, तेच मला कळेना.

पोटात अन्न गेलं नाही तर पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकू एवढंच म्हणाल्या की केक खाईन, पण लेक-जावयाबरोबर. म्हणजे केक दीडपट हवा. लेकीने फोनवर सांगितलं, की मैदा एक पूर्णांक तीन चतुर्थांश कप, त्यात निम्मा म्हणजे सात अष्टमांश मिळवा.

काकांनी शिवणाच्या खडूने ओट्यावर गणित मांडलं. वरच्यात वरचे मिळवले, खालच्यात खालचे. आले एक पूर्णांक दहा बारांश! अरे देवा, बारांशाची रेघ माझ्यावर कुठली? शिवाय एवढी भर घालूनही मैदा जेमतेम चिमूटभर वाढला. हे कसं, ते काकांना उमजेना आणि मला तर नाहीच नाही. केक मधोमध बसला. काकाही ओट्याला टेकून खाली बसले.

आतून काकूंचा क्षीण आवाज आला. "अहो, पावणेदोन इंच आणि त्याचं निम्मं. कापड किती सोडाल?"

"दोन इंच पाच सूत," काका पटकन म्हणाले.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पावणेदोनची चौदा सुतं, निम्म्याची सात, मिळून एकवीस, म्हणजे दोन इंच आणि वर पाच सूत. सगळे तुकडे एकाच मापाचे केले की बेरीज जमते, एवढं मला अंधुक कळलं. पण मी इंच कधी झालो? काकांनी मला दोनदा काठोकाठ भरलं आणि तिसऱ्यांदा अर्ध्याच्या रेघेच्या थोडं वर.

मित्रांनो, आमच्या रेघा राखेने घासून पुसू नका. आधीच आमचा गोंधळ कमी नसतो. संध्याकाळी लेक-जावई आले. काकूंनी एक घास घेतला, सावकाश चावला.

"घट्ट झालाय," काकू म्हणाल्या, आणि बशी काकांपुढे सरकवली. "अजून अर्धा तुकडा द्या."

काकांनी अख्खा वाढला. हे कुठलं माप, मला अजून कळलेलं नाही.